बावडीकाठची मागची खोली

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

परवा फोनवर तुम्ही आत्याआजीच्या घराचा फोटो पाहिलात आणि दोघांनी एकाच वेळी विचारलंत, "आजी, अर्धं घर कुठं गेलं?" मी म्हटलं, मग सांगेन. तुम्हाला पोहायला जायचं होतं, तुम्ही विसरून गेलात. मला मात्र ते उत्तर देता आलं नाही, कारण आत्याआजी माझ्या शेजारीच शेंगा सोलत बसली होती आणि तिच्यासमोर मला ते सगळं बोलायचं नव्हतं. बोलले असते तर माझा आवाज कापला असता. मग तुमच्या आईनं लगेच बीपीच्या गोळीची चौकशी केली असती.

म्हणून लिहिते. आणि आत्ताच लिहिते, कारण वैशाख जवळ आला आहे. बुद्धपौर्णिमेच्या आधी बावडीतला गाळ काढायचा असतो आणि सगळ्यात खालच्या पायरीवर आपल्या घरचं माणूस लागतं. आत्याआजीचे गुडघे आता उतरताना धरतात. पुढच्या वैशाखाला खाली कोण उभं असेल, मला माहीत नाही. वर्षभर मी भीतीत काढलं आहे आणि फोनवर तुम्हाला हवापाण्याच्या गोष्टी सांगितल्या आहेत. तुम्ही मराठी सावकाश वाचता, म्हणून सोपं लिहीन. एका परिच्छेदात एकच मुद्दा असावा, असं मी कॉलेजात आयुष्यभर इंग्रजीच्या तासाला शिकवलं. इथे ते पाळता येईल असं वाटत नाही.

आदिलाबादच्या आपल्या वस्तीमागे मोकळं मैदान आहे. तुम्ही लहान असताना तिथे पतंग उडवला होता. मैदानाच्या कोपऱ्यात दगडी पायऱ्यांची विहीर आहे, तिला इथे बावडी म्हणतात. ती किती जुनी, कोणाला ठाऊक नाही. कोणी म्हणतं निजामाच्या आधीची, कोणी म्हणतं त्याच्याही आधीची. मला अशी उत्तरं आवडत नाहीत, पण दुसरं उत्तर नाही.

या बावडीत उतरायला आपल्या लोकांना मनाई होती. तुमच्या आजोबांची आई वर चिंचेखाली घागर घेऊन उभी राहायची. कोणीतरी येईल, पाणी काढेल, तिच्या घागरीत वरून ओतेल, तोपर्यंत उभी. मग गावात नळ आले. ज्यांची बावडी होती त्यांना तिची गरज उरली नाही आणि तिच्यात कचरा पडू लागला. मेलेली कुत्रीसुद्धा पडू लागली. तेव्हा ज्यांना कधी उतरू दिलं नव्हतं, तेच उतरले आणि त्यांनी ती साफ केली. वस्तीतल्या जाणत्यांनी माझ्या सासऱ्यांना सांगितलं, तू कडेलाच घर बांध आणि राखण कर. त्यांनी दोन खोल्या बांधल्या, एक पुढची आणि एक मागची, वर कवेलू, म्हणजे कौलं. कोणी काही लिहून दिलं नाही, कोणी मागितलंही नाही. जागा सरकारी, राखण आपली.

त्या घरात तुमचे आजोबा जन्मले आणि त्यांची बहीणही. लग्नानंतर थोड्याच वर्षांत आत्याआजीचा नवरा वारला पोटी मूल नव्हतं, ती माहेरी परत आली. तेव्हापासून बावडीची राखण तिची. अंगणवाडीत ती मदतनीस होती. आता दोन बकऱ्या आहेत आणि आवाज आहे. मैदानावरचं पोर बावडीच्या काठावर चढलं की तो आवाज वस्तीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. तुमच्या आजोबांनी आणि मी रस्त्यावर घर घेतलं, पट्ट्याचं, कागदपत्रांचं. तिला कितीदा म्हटलं इकडे राहायला ये. ती म्हणायची, "तुमच्या घरातून बावडी दिसत नाई, वहिनी."

आता मागच्या वर्षाचं.

मुन्सिपालिटीकडे पैसे आले, असं कळलं. मोकळ्या जागांसाठी वेगळे, म्हणजे झाडं, बाकं, चालायला वाट. जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीसाठी वेगळे. आणि ज्यांना घर नाही त्यांच्या घरांसाठी वेगळे. चिंचेखाली वार्डाची सभा झाली. साहेब खुर्च्यांवर, आम्ही सतरंजीवर. मैदानाचं काय करायचं ते तुम्हीच सांगा, असं साहेब म्हणाले. असं आम्हाला याआधी कोणी विचारलं नव्हतं.

मग आपल्या समोरच्या गल्लीतल्या गवंड्याची बायको उठली. तिचा नवरा दुसऱ्यांची घरं बांधतो आणि ती दोघं पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहतात.

"साहेब, दगडाले पैसे हाय, चिंचेले पैसे हाय. आमी दगडाच्या जन्माले आलो असतो तं आमाले बी काही भेटलं असतं."

सगळे हसले. आत्याआजी मागून म्हणाली, "तू दगड झाली असती तं गाळाचं टोपलं कोनी उचललं असतं व?"

"तुमीच उचला आत्याबाई. तुमचं घर तं बावडीतच हाय."

"बावडीत नाई, बावडीवर. बावडीत तुले ढकलतो थांब."

पुन्हा हसू. पण मी त्या बाईकडे पाहत होते आणि ती हसत नव्हती. तिचं चुकत नव्हतं. घरं मैदानावर बांधली तर तिला एक मिळण्याची आशा होती. नाहीतर घरं मिळणार होती बायपासच्या पलीकडे, जिथून नवऱ्याला कामाच्या नाक्यावर यायला दोन ऑटो बदलावे लागतात.

मग सगळे म्हणाले, मॅडम, तुमी बोला. मी बोलले. साहेब तेलुगू बोलणारे होते; मला तेलुगू येते, पण वजन पडावं म्हणून इंग्रजीत बोलले. मैदान मोकळं राहू द्या, बावडी दुरुस्त करा आणि घरं जवळच्या दुसऱ्या सरकारी जागेवर द्या, असं म्हटलं. टाळ्या वाजल्या. साहेबांनी मान हलवली. घरी आल्यावर आत्याआजीनं माझ्या पानात गूळ वाढला. तो सगळा दिवस मला चांगला आठवतो, कारण त्यानंतर तसा दिवस आला नाही.

पाहणीला इंजिनिअर येणार, असा निरोप आला आणि आम्ही जे आमच्या वस्तीत नेहमी करतात तेच केलं.

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आपल्या लोकांत साहेब येणार म्हटलं की घर लपवतात. शाळा तपासणीस येवो, दवाखान्याची बाई येवो, कोणीही. बकऱ्या शेजारी जातात. दोरीवरची लुगडी उतरतात. खाट उभी करून मागे टाकतात, फाटकी गोधडी कोठीत जाते, जमीन सारवतात, भिंतीला चुना मारतात. आपली गरिबी साहेबाच्या डोळ्यांत जाऊ नये, त्याच्या कागदावर जाऊ नये. माझ्या आईनंही हेच केलं, तिच्या आईनंही. त्यात मी पडले शिस्तीची. चार बायकांना हाताशी घेऊन मी आत्याआजीच्या दोन्ही खोल्या अशा आवरल्या की कॉलेजची तपासणीसुद्धा पास झाली असती. खाट, भांडी, कपड्यांची पेटी, गॅसची शेगडी आणि सिलिंडर, सगळं माझ्या घरी. मागच्या खोलीतली जुनी चूल लाल मातीनं सारवून एवढी गुळगुळीत केली की तिच्यात कधी काही पेटलं होतं असं वाटेना. भिंतीवर फक्त बुद्धाची तसबीर राहू दिली. आणि आत्याआजीलाही मी माझ्या घरी पाठवलं, बकऱ्या धरून, कारण ती फार बोलते आणि बकऱ्या तिच्याहून जास्त.

इंजिनिअर म्हणजे एक तरुण मुलगी होती, तेलुगू बोलणारी, डोक्यावर टोपी. टेपनं मोजलं, फोटो काढले. खोल्यांत डोकावली. "किती स्वच्छ आहे," असं म्हणाली. मला अभिमान वाटला. मी तिला बावडीच्या पायऱ्या दाखवल्या, चिंच दाखवली. त्या खोल्यांत कोण राहतं हे तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. स्वच्छ, रिकामी खोली पाहून कोण विचारणार?

काही दिवसांनी सकाळी दूध आणायला गेले तर आत्याआजीच्या भिंतीवर, आम्ही मारलेल्या पांढऱ्या चुन्यावर, लाल रंगाची फुली होती.

मी तशीच वार्ड ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनानं कागद वाचून दाखवला. मैदान मंजूर, बावडी मंजूर. आणि बावडीलगतच्या दोन खोल्या वापरात नाहीत, त्या काढून जागा मोकळी करावी.

"वापरात आहेत," मी म्हटलं. "माझी नणंद राहते."

"मॅडम, फोटोत कोनी नाई ना."

फोटो मी पाहिला. आमच्याच हातानं आम्ही तिला तिच्या घरातून पुसून टाकलं होतं.

तेव्हापासून मला भीती लागली. पायाखालची फरशी हलल्यासारखी, कारण मी ज्याच्यावर उभी होते, नीटनेटकेपणा, अर्ज, इंग्रजी, तेच हललं होतं. मी मुन्सिपालिटीत गेले. मैदानाचा कारभार एका खोलीत होता, दगडांचा दुसऱ्या खोलीत, घरांचा जिन्याच्या वर. कोणी वाईट वागलं नाही, हे मुद्दाम लिहिते. सगळ्यांनी खुर्ची दिली. मैदानवाल्यांनी सांगितलं की मोकळ्या जागेचा पैसा घ्यायचा तर जागा मोकळी हवी. दगडवाल्यांनी सांगितलं की बावडी जुनी आहे, खोल्या जुन्या नाहीत. वरच्यांनी सांगितलं की त्या खोल्यांत कोणी राहत नसेल तर कोणाला घर द्यायचा प्रश्न नाही आणि राहत असेल तर तो कबजा आहे. आम्ही मागितलेल्या तिन्ही गोष्टी चांगल्या होत्या. त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या, एवढंच. शेवटी वरच्या साहेबांनी दया येऊन सांगितलं की बायपासपलीकडच्या इमारतीत एक घर आत्याआजीसाठी बघता येईल, तिसऱ्या मजल्यावर. पाहणी पुन्हा होईल, असंही म्हणाले. कधी, ते कोणी सांगेना.

मी येऊन आत्याआजीला सांगितलं. ती बकरीचा खूर पाहत होती.

"तिसऱ्या माळ्यावर बकरी चढते, वहिनी?"

"नाही चढत."

"मंग मी बी नाई चढत."

एवढंच बोलली. पण त्या दिवसापासून ती बाजारात गेली नाही. दवाखान्यात गुडघ्याची तारीख होती, गेली नाही. चुलतपुतणीचं लग्न नार्नूरला होतं, जीपमध्ये जागा ठेवली होती, गेली नाही. घराला कुलूप लावून मैदानाबाहेर पडायचं म्हणजे परत येईपर्यंत घर असेलच असं नव्हतं. खाट तिनं पाहणीच्याच दिवशी परत नेली होती. शेगडी आणि सिलिंडर राहून गेला, कारण ती दोन्ही वेळा माझ्याकडेच जेवायला लागली: घाईघाईनं, दारात बसून, तोंड मैदानाकडे करून. मी तिला वाढायची आणि आम्ही दोघी ऐकत राहायचो. रस्त्यावर ट्रॅक्टर गेला तरी तिचा घास थांबायचा. माझाही.

गवंड्याची बायको एकदा तांदूळ निवडायला आली. म्हणाली, "आत्याबाई, तुमाले नसन पाह्यजे तं ते तिसऱ्या माळ्यावरचं घर मले द्या ना."

"देलं असतं व माय. माझ्या हातात असतं तं आजच देलं असतं."

मग दोघी मिळून तांदूळ निवडत राहिल्या. त्यात भांडण नव्हतं. मला वाटतं, त्या दिवशी दोघींना एकमेकींची भीती समजली.

वैशाख आला. बावडीच्या कामाला अजून सुरुवात नव्हती, म्हणून वस्तीनं ठरवलं की गाळ नेहमीसारखा काढायचा. ही रीत तुम्ही पाहिलेली नाही. प्रत्येक घरातून एक माणूस येतं. सगळे पायऱ्यांवर रांगेत उभे राहतात, वरपासून पाण्यापर्यंत. सगळ्यात खाली आपल्या घरचं माणूस गाळ टोपल्यात भरतं आणि टोपलं हातोहात वर जातं. कोणी चालायचं नाही, फक्त हात चालतात. गाळ वर चिंचेच्या बुंध्याशी टाकतात. ज्या पायऱ्यांवर आपल्याला उतरू दिलं नाही, त्या प्रत्येक पायरीवर त्या दिवशी आपलं एक माणूस असतं. हे कोणी बोलून दाखवत नाही. मला ते कळायला लग्नानंतर बरीच वर्षं लागली.

चहा आपल्या घरी होतो, म्हणजे बावडीवरच्या घरी. मी म्हटलं होतं, शेगडी माझ्याकडे आहे, चहा माझ्याकडून करून आणते.

"गाळाचा चहा बावडीवरच होते, वहिनी. तुमच्या घरचा पाहुन्याचा. हा कामाचा."

म्हणून आत्याआजी फावडं घेऊन खाली गेली आणि मी मागच्या खोलीत त्या गुळगुळीत चुलीसमोर बसले. हातात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. इथे सगळ्यांच्या घरी तेच सरपण. माझी पऱ्हाटी दमट निघाली. चूल पेटवायची सवय मला कधी नव्हतीच. सासूबाई हसायच्या, म्हणायच्या, सून इंग्रजीत फुंकते, चुलीला समजत नाही. फुंकणी घेऊन मी फुंकत राहिले. जाळ होईना, धूर झाला. खोली धुरानं भरली, तो कवेलूंच्या फटींतून बाहेर जाऊ लागला, माझे डोळे मिटले.

आणि मला तो आवाज ऐकू आला.

ट्रॅक्टरचा नव्हता. जड होता आणि जवळ येत होता, मैदानावरून. जमीन थरथरत होती; चुलीवरच्या पातेल्यातलं पाणी गोल गोल हलताना मी पाहिलं. बावडीच्या आत असलेल्यांना तो ऐकू जाणं शक्य नव्हतं. वर गाळ टाकणारे दोघे-तिघे चिंचेच्या पलीकडे. दारातून उजेड येत होता, तो अडला. बुलडोझरचं पुढचं तोंड पुढच्या खोलीसमोर उभं होतं.

मी उठायला हवं होतं. ओरडायला हवं होतं. मराठी, तेलुगू, हिंदी, इंग्रजी, यांतलं एकही अक्षर माझ्या तोंडातून येईना. मी काय केलं ते सांगते: मी परत फुंकलं. हातात फुंकणी होती आणि दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून फुंकलं.

बाहेर माणसं बोलत होती. एक, ठेकेदाराचा माणूस, म्हणाला, "मार ना. खाली है. लिख के दिया है."

दुसरा, वरून, ड्रायव्हर असावा. "छप्पर में से धुआँ निकल रहा है साब."

"कचरा जल रहा होगा."

"कचरा घर में कौन जलाता है?" मग मोठ्यानं, "अंदर कोई है क्या? अम्मा? कौन है?"

माझ्या तोंडातून शेवटी शब्द आले ते असे: "चाय बन रही है."

मग तो ड्रायव्हर म्हणाला, "चूल्हा जल रहा है साब. जलते चूल्हे पे मैं नहीं मारता. किसी और को बुलाओ." आणि त्यानं इंजिन बंद केलं.

ती शांतता मला अजून ऐकू येते. पातेल्यातलं पाणी हळूहळू स्थिर झालं. नंतर ते उकळलंही.

चिंचेखालच्यांनी यंत्र पाहिलं होतं. त्यांनी पहिल्या पायरीवरच्याला सांगितलं, त्यानं दुसऱ्याला. टोपली वर येत होती आणि बातमी त्याच हातांनी खाली जात होती, एकेका पायरीनं, पाण्यापर्यंत. मग सगळी रांग वर यायला लागली, आणि शेवटी आत्याआजी, गुडघ्यापर्यंत काळ्या गाळात. मी तोवर दारात येऊन चौकटीला धरून उभी होते. तिनं यंत्राकडे पाहिलं, ठेकेदाराच्या माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, तुमचं तोंड काऊन काळं झालं?"

मला रडू आलं. तिनं लक्ष दिलं नाही. ड्रायव्हरला म्हणाली, "बस बाप्पा. चाय पे." तिला हिंदी एवढीच येते. तो बसला. चहाला धुराचा वास होता, तरी सगळ्यांनी प्यायला.

ठेकेदाराच्या माणसानं फोन केला आणि ती तरुण इंजिनिअर आली. टोपी तीच. दोरीवर आत्याआजीचं ओलं लुगडं, दारात बकऱ्या, उभी न केलेली खाट, चुलीत जाळ. ती सगळं पाहत राहिली. मग तेलुगूत मला विचारलं, इथे कोण राहतं? मी सांगण्याआधी आत्याआजीनं तिला मराठीत उत्तर दिलं.

"मी रायतो. तुमी आल्त्या तवा मी वहिनीच्या घरी बकऱ्या धरून बसली होती."

मी ते तेलुगूत सांगितलं. मुलीनं विचारलं, का? मी सांगितलं की साहेब येणार असला की आमच्याकडे घर लपवतात. माझा आवाज कापत होता आणि मी तो कापू दिला. ती खाली बघत होती. मग हळू म्हणाली, "मा इंट्लो कूडा अंते, अम्मा." आमच्याही घरी तसंच.

त्यानंतर तिनं पुन्हा मोजलं. पुढच्या काही आठवड्यांत ती दोनदा आली आणि दोन्ही वेळा आत्याआजीनं मुद्दाम काहीच आवरलं नाही. मी आवरायला हात पुढे केला की ती माझ्या हातावर चापट मारायची. शेवटी ठरलं ते असं. बावडीच्या पायऱ्यांकडे जाणारी वाट रुंद हवी, लोक पडू नयेत म्हणून. तिच्यात पुढची खोली येते, ती जाणार. मागची खोली राहणार. मुन्सिपालिटीच्या नकाशात तिच्यावर लिहिलं आहे, रखवालीची खोली. गवंड्याच्या बायकोचं नाव बायपासपलीकडच्या घरांच्या यादीत आहे, अजून घर मिळालेलं नाही. नवरा सध्या बावडीच्या पायऱ्या दुरुस्त करतो आहे. ती जाता-येता म्हणते, दगडाले पैसे हाय, त्यातले दोन आमच्या बी घरी आले.

पुढची खोली पाडली त्या दिवशी मी घरीच बसले. जाणं जमलं नाही. आत्याआजीनं सकाळी दार आणि चौकट स्वतः काढून घेतली होती. त्याच खोलीत तुमचे आजोबा जन्मले होते. आवाज माझ्या घरापर्यंत आला आणि मी हातातलं काम थांबवून तो संपेपर्यंत उभी होते.

तुम्हाला वाटेल, आता भीती गेली असेल. नाही गेली. नकाशात लिहिलं आहे ती खोली रखवालीची आहे, आत्याआजीची नाही. ती खालच्या पायरीवर उभी राहते तोवर ती खोली तिची. नंतर कोण, हे मी कोणाला विचारलेलं नाही. विचारलं तर कोणीतरी त्याचं उत्तर लिहून ठेवील. अजूनही रस्त्यावर जड गाडी गेली की माझा घास थांबतो. तिचा थांबत नाही, ती म्हणते, "वहिनी, चूल पेटली हाय का तेवढं पाहा, अन् जेवा." शेगडी तिनं परत नेलीच नाही. माझ्याकडेच आहे; ती आता रोज चुलीवरच रांधते.

तुम्ही विचारलं होतंत, अर्धं घर कुठं गेलं. ते वाटेत गेलं. मैदान मोकळं आहे. चिंच आहे. बावडी आहे, तिच्यात पाणी आहे. मागची खोली आहे, आणि आज सकाळी तिच्या कवेलूंतून धूर निघत होता.